साधं की बिसलेरी?

हॉटेलात टेबलाशी बसलं, की मेनूकार्डाच्याही आधी प्रश्न येतो : ‘साधं की बिसलेरी?’ ‘साधं’ म्हणजे धरणातून आणलेलं, गाळलेलं, क्लोरीन घालून तपासलेलं महापालिकेचं पाणी. पण ते मागताना गिऱ्हाइकाचा आवाज उगाच जरा खाली येतो. बरोबर ऑफिसातले साहेब किंवा नवे व्याही असतील, तर बिसलेरीच. वेटर बाटली आणतो, टोपण पिरगाळतो, सील तुटल्याचा कट्ट आवाज सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती उघडतो, आणि मगच ग्लासात ओततो. ती बाटली कुठल्याही कंपनीची असू शकते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून वाद घालायचीही सोय उरलेली नाही. हॉटेलवाल्यांना तसं करता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे.

या धंद्याचं हिंदुस्थानातलं जन्मगाव ठाणं. इटलीतल्या बिसलेरी कंपनीचा पहिला भारतीय कारखाना तिथे १९६५ मध्ये उभा राहिला. पाणी विकत घ्यायची कल्पनाच लोकांना तेव्हा हास्यास्पद वाटे. काचेच्या बाटल्यांतलं ते पाणी बड्या हॉटेलांत आणि परदेशी पाहुण्यांपुढे जाई. १९६९ मध्ये ‘पार्ले’ कंपनीच्या चौहान मंडळींनी हा व्यवसाय अवघ्या चार लाख रुपयांना घेतला. काच जाऊन प्लास्टिक आलं, नव्वदीत बडे शीतपेयवाले पाण्यात उतरले, आणि पाहता पाहता पानटपरीच्या फ्रीजमध्येही पाणी विकायला बसलं. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २०२३ मध्ये जगाचा हिशोब मांडला : वर्षाला सुमारे ३५० अब्ज लिटर पाणी, त्यासाठी ६०० अब्ज प्लास्टिकच्या बाटल्या, आणि त्यांचा अडीच कोटी टन कचरा.

एवढा ढीग पाहिल्यावर कुणालाही सुचतं, की विक्रीच बंद करून टाका. शहराने ठरवलं तर प्लास्टिकच्या पिशवीसारखी बाटलीही बंद करता येईल. काही गावांनी आणि शहरांनी ते करून पाहिलं आहे. बंदी कशी जगते आणि कशाने मरते, हे त्यांच्याकडे पाहून बरंचसं कळतं.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या नैर्ऋत्येला बंडानून नावाचं जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव आहे. एका कंपनीला तिथलं भूजल उपसून सिडनीला न्यायचं होतं, तिथे बाटल्यांत भरायचं होतं, आणि त्यातल्या काही बाटल्या फिरून याच गावच्या दुकानांत विकायला येणार होत्या. गावकरी चिडले. जुलै २००९ मध्ये सभा भरली, साडेतीनशेवर माणसं आली आणि जवळजवळ एकमुखाने ठराव झाला : गावात बाटलीतलं पाणी विकायचं नाही. यात कायदा कुठेच नव्हता. दुकानदारांनी आपण होऊन बाटल्या काढून टाकल्या. त्याच सप्टेंबरात अंमल सुरू झाला तेव्हा मुख्य रस्त्यावर गाळलेल्या पाण्याचे नळ तयार होते. नळ आधी लागले आणि बाटली मागून गेली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कायद्याने बंदी घालून पाहिली ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डने. निसर्गलेखक थोरोचं वॉल्डन तळं याच गावच्या हद्दीत. गावाची वस्ती सतरा हजारांच्या आसपास. जीन हिल नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंनी हा विषय लावून धरला. समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकबद्दल त्यांना नातवाकडून कळलं होतं. २०१० मध्ये गावसभेने ठराव केला, तो राज्याच्या महाधिवक्त्यांनी कायद्यात बसत नाही म्हणून परत पाठवला. २०११ मध्ये सुधारलेला ठराव सात मतांनी पडला. बाटलीवाल्यांच्या संघटनेनेही या चिमुकल्या गावाकडे एव्हाना लक्ष वळवलं होतं. एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि ठराव ४०३ विरुद्ध ३६४ मतांनी पार पडला. १ जानेवारी २०१३ पासून एक लिटर किंवा त्याहून लहान प्लास्टिकच्या बाटलीत साधं पाणी विकायला मनाई झाली. पहिल्यांदा सापडलं तर ताकीद, दुसऱ्यांदा पंचवीस डॉलर, त्यापुढे दर खेपेला पन्नास. आणीबाणीत मात्र सूट. वर्षअखेरीस बंदी उठवण्याचा ठराव आला, तोही गावाने पाडला.

पण बंदीच्या त्या कलमात नीट डोकावलं, तर भोकं दिसतात. कोला चालेल, रंगीत-गोड पाणी चालेल, बुडबुड्यांचं पाणी चालेल, दीड लिटरची बाटलीही चालेल. मनाई फक्त लहान बाटलीतल्या निव्वळ पाण्याला. म्हणजे दुकानाच्या एकाच फ्रीजमध्ये साखर घातलेली प्लास्टिकची बाटली कायदेशीर आणि तिच्या शेजारची बिनसाखरेची बेकायदा.

या विसंगतीचं काय होतं, ते शेजारच्याच व्हरमाँट राज्याच्या विद्यापीठात मोजून पाहिलं गेलं. विद्यापीठाने जानेवारी २०१३ पासून आवारात बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली. बाटल्या भरून घ्यायला नळ बसवले होते, प्रचारही झाला. दोन संशोधकांनी आवारात येणाऱ्या पेयांच्या खेपांचा हिशोब केला आणि २०१५ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये तो छापला. माणशी बाटल्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली होती. विद्यार्थ्यांनी पाण्याऐवजी गोड पेयं उचलली, त्यामुळे पोटात जाणारी साखरही वाढली. कचरा घटला नाहीच आणि वर साखर चढली. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध उशाशी ठेवावा.

सॅन फ्रान्सिस्कोने जरा हिशोबाने पाऊल टाकलं. मार्च २०१४ मध्ये तिथल्या नगरसभेने सबंध शहराला हात न लावता फक्त शहराच्या मालकीच्या जागांवर सहाशे मिलीपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांतलं पाणी विकायला मनाई केली. बागा, सरकारी इमारती, रस्त्यांवरचे महोत्सव यांपासून सुरुवात झाली. विमानतळाची पाळी ऑगस्ट २०१९ मध्ये आली. तिथे वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास बाटल्या खपत. सुरक्षा तपासणी ओलांडली, की पाणी भरायचे नळ दिसतील अशी व्यवस्था आधी झाली आणि मग दुकानांतली बाटली गेली. हे शहराला शक्य झालं, कारण तिथल्या नळाला डोंगरातल्या धरणाचं पाणी येतं आणि त्यावर लोकांचा भरवसा आहे. जागा स्वतःची असल्यामुळे अंमलबजावणीसाठी दुकानोदुकानी इन्स्पेक्टर धाडायची वेळही आली नाही.

आपल्या देशात या बाबतीत पुढे आहे ते सिक्कीम. १९९८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या बंद करणारं हेच राज्य. गुरुडोंगमार तलावाच्या वाटेवरच्या लाचेन गावाने २०१२ मध्ये बाटलीबंद पाण्याला गावबंदी केली. तिथे ‘झुम्सा’ ही परंपरागत गावसभा अजून जिवंत आहे आणि तिचा शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही. पर्यटकांच्या गाड्या तपासल्या जातात, बाटल्या काढून घेतल्या जातात. २०१६ मध्ये राज्य सरकारने आपल्या बैठका-समारंभांतून बाटली हद्दपार केली, आणि १ जानेवारी २०२२ पासून राज्यभर बंदी लागू करण्याची घोषणा मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांनी आदल्या गांधी जयंतीला केली. लाचेनला जायला रस्ता एकच आणि तो अडवणारी गावसभा खमकी. दादर किंवा स्वारगेटला असं नाकं कुठे बांधायचं?

तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याने १५ ऑगस्ट २०१९ पासून हे धाडस केलं. उटी-कुन्नूरला जाणाऱ्यांना चेकपोस्टवर थांबवून पाण्याच्याच नव्हे, तर शीतपेयांच्याही प्लास्टिक बाटल्या काढून घेतल्या जाऊ लागल्या. व्हरमाँटमध्ये झालेली चूक इथे टळली. बदली सोय म्हणून जिल्ह्यात सुमारे सत्तर ठिकाणी पाण्याची एटीएम बसवली. नाणं टाका, आपली बाटली भरा. पुढे ती यंत्रं बंद असल्याच्या तक्रारी वारंवार आल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. यंत्र बसवण्याचा कार्यक्रम फीत कापून होतो. त्याचं फिल्टर वेळेवर बदलायला मात्र फीत नसते.

महाराष्ट्राचीही एक कहाणी आहे, फार थोडे दिवस टिकलेली. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. पिशव्या, ताटं, पेले, चमचे सगळं त्यात आलं. अर्ध्या लिटरपेक्षा लहान पाण्याच्या बाटल्याही आल्या. लग्नात, सभेत वाटली जाणारी, दोन घोट पिऊन खुर्चीखाली टाकली जाणारी हीच ती बाटली. मोठ्या बाटल्यांवर परतीची रक्कम छापायची, रिकामी बाटली आणून दिली की ग्राहकाला एक-दोन रुपये परत द्यायचे, संकलन केंद्रं उभारायची, असंही ठरलं. पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. तीन आठवडे उलटत नाहीत तोच, एप्रिलमध्ये दुरुस्ती झाली आणि लहान बाटलीवरची बंदी उठली. परतीच्या पैशांचं कलम कागदावर राहिलं. रिकामी बाटली घेऊन दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार कोणत्या नजरेने बघेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या १९ वस्तूंवर देशभर बंदी आणली. त्यात कान कोरायच्या काड्या आहेत, फुग्याच्या कांड्या आहेत. पाण्याची बाटली नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, इच्छाशक्ती कमी पडली. ते खरं आहे, पण अर्धंच. लोक बाटली का घेतात, हा प्रश्न सोडून बंदीची चर्चा करणं म्हणजे ताप मोजायचं यंत्र फोडणं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. धडधाकट माणसं आठवडाभरात पांगळी होऊन व्हेंटिलेटरवर जात होती. बोट पाण्याकडे वळलं. ही गावं महापालिकेत आली होती, पण शुद्धीकरणाची पूर्ण व्यवस्था त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. त्या आठवड्यांत तिथल्या आईला कुणी सांगितलं असतं, की पर्यावरणासाठी बाटली घेऊ नका, तर तिने काय उत्तर दिलं असतं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या लातुरात कुणी बाटलीबंदीचं नाव काढलं असतं, तर लोकांनी त्याला गावात राहू दिलं नसतं.

मात्र बाटली किंवा जार म्हणजे शुद्धता, हाही भ्रमच. पुण्याच्या त्याच साथीत खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतही दूषित पाणी निघालं, आणि महापालिकेने असे तीसेक प्रकल्प बंद केले. चाळीत, कार्यालयात, मंगल कार्यालयात येणारा वीस लिटरचा थंड जार बहुतेक वेळा सीलबंद नसतो, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांतून तो निसटतो. सीलबंद बाटलीही निर्दोष नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्ली-मुंबईत मिळणाऱ्या ब्रँडांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले, तेव्हा देशभर खळबळ उडाली आणि मानकं कडक करावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी अतिजोखमीच्या खाद्यपदार्थांच्या यादीत घातलं. त्याच वर्षी जानेवारीत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तीन ब्रँडांचं पाणी लेझरखाली पाहिलं. एका लिटरात सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण, आणि त्यातले नव्वद टक्के इतके बारीक, की त्यांचं शरीरात काय होतं हे विज्ञानाला अजून पुरतं ठाऊक नाही.

किमतीचा हिशोब तर फारच बोलका आहे. मुंबईत नळाने पहिल्यांदा पाणी आलं ते १८६० मध्ये, विहार तलावाचं. आज सात तलावांतून रोज जवळपास चार हजार दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं, आणि घरगुती दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. रेल्वेचं ‘रेल नीर’ हे त्यातल्या त्यात स्वस्त. वस्तू व सेवा कर घटल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांवर आली. म्हणजे हजार लिटरला चौदा हजार. ज्या शहापूर तालुक्यातून भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. त्यांना ना दहा रुपयांचा दर, ना चौदा हजारांचा.

पूर्वी तहानलेला माणूस रस्त्यात काय करी? मुंबईत मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायकांच्या नावाचं कारंजं आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासह १८७६ मध्ये बांधलेलं. शहरात अशा दगडी पाणपोया पुष्कळ होत्या. कुणी आईच्या स्मरणार्थ, कुणी मुलाच्या. खालच्या अंगाला गुराढोरांसाठी कुंडी. काहींची अलीकडे चांगली डागडुजी झाली आहे, बाकीच्यांना हातगाड्यांनी आणि पोस्टरांनी वेढलं आहे. गावोगावच्या उन्हाळी पाणपोया, लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, ते अजून चैत्रात दिसतात, पण त्यावर आता स्थानिक पुढाऱ्याच्या फोटोचा फलक रांजणापेक्षा मोठा असतो. एसटीने २०२० मध्ये स्वतःचं बाटलीबंद पाणी आणलं, ६५० मिलीला दहा रुपये, लिटरला पंधरा. नाव ठेवलं ‘नाथजल’, पैठणच्या एकनाथ महाराजांवरून. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड ज्या नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, त्यांच्या नावाने बसस्थानकात पाणी विकायचं ज्याला सुचलं, त्याला दाद द्यायला हवी. रेल्वेने स्थानकांवर पाण्याची यंत्रं लावली होती, आपल्या भांड्यात लिटरभर पाणी पाच रुपयांत. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर त्यातली कित्येक बंद पडली. शेजारचा स्टॉल मात्र चालूच असतो.

बाटलीबंदीच्या चर्चेत एका बाईचं नाव सहसा निघत नाही. ती म्हणजे कचरावेचक. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या बायांची संघटना म्हणून काम करते आणि तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसाठी घरोघरचा कचरा उचलते. त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये थोडा वेळ थांबलं, तर बाटलीची खरी किंमत दिसते. बाई बाटली उचलते, उरलेलं पाणी ओतते, टोपण फिरवून वेगळ्या गोणीत टाकते, कारण टोपणाचं प्लास्टिक निराळं. लेबल ओरबाडते. बाटली पायाखाली चेपते. पारदर्शक एका गोणीत, हिरवी दुसऱ्या. चिप्सचं पाकीट, शाम्पूची पुडी यांना भंगारवाला हातही लावत नाही. बाटलीला भाव मिळतो. उद्या बाटली गेली तर कचऱ्यातलं सगळ्यात पैशाचं प्लास्टिक जाईल आणि बिनकिमतीचं सगळं राहील. हे बंदी न घालण्याचं कारण होऊ शकत नाही, पण बंदीची आखणी करणाऱ्या टेबलाशी या बायांची खुर्ची असायलाच हवी.

मधला रस्ता परतीच्या पैशांचा. २०१८ च्या आपल्या अधिसूचनेतला विचार चूक नव्हता, तो राबवला गेला नाही एवढंच. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्यांवर अनामत आहे, आता २५ सेंट. सुपरमार्केटच्या दारातल्या यंत्रात बाटली सरकवली की पावती मिळते, आणि जवळजवळ सगळ्या बाटल्या परत येतात. ‘ते जर्मन आहेत, आपलं काय’ असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा निलगिरीकडे पाहावं. जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींच्या पायाला जखमा होत होत्या, म्हणून उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी परत केल्यावर ते देण्याची पद्धत सुरू झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. पिऊन झालेला माणूसही दहा रुपये विसरत नाही, तर तहान भागलेला कशाला विसरेल? रक्कम मात्र डोळ्यांत भरेल एवढी हवी. एक रुपयासाठी कुणी वाकत नाही.

मग शहरांनी बंदी घालावी की नाही? सरसकट, सगळ्या शहरात, आजच, असं विचाराल तर नाही. नांदेड गावात नको, जिथे आठवड्यातून एकदा नळ येतो त्या गावांत तर अजिबात नको. पण जिथे नळ भरवशाचा आहे आणि जागा सरकारच्या मालकीची आहे, तिथे टाळाटाळीला काही कारण उरत नाही. मंत्रालयातल्या आणि महापालिकेतल्या बैठकांच्या टेबलांवर दोनशे-अडीचशे मिलीच्या बाटल्यांची रांग लागते, ती उद्या सकाळपासून बंद करता येईल. त्यासाठी स्टीलचा जग आणि काचेचे पेले एवढंच लागतं, निविदाही लागणार नाही. स्वतःच पुरवलेलं पाणी जो आयुक्त पीत नाही, त्याच्या पाण्यावर नागरिकाने का विसंबावं? त्यानंतर नाट्यगृहं, उद्यानं, महापालिकेची रुग्णालयं. प्रत्येक ठिकाणी आधी नळ, नळावर शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली पाटी, आणि मग मनाई. मनाई करायची ती बाटलीला, आत पाणी असो वा कोला.

ते होईपर्यंत वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे. चित्रपटगृहात बाहेरचं खाणंपिणं नेऊ द्यायचं की नाही, हे मालकाने ठरवावं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी प्रेक्षकांना फुकट दिलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला स्पष्ट केलं आहे. मल्टिप्लेक्सला जाल तेव्हा पॉपकॉर्नच्या काउंटरवर बाटली घेण्याआधी नळ कुठे आहे ते विचारा. तो स्वच्छतागृहाच्या बोळात, बादलीच्या मागे दडवलेला सापडला, तर मॅनेजरला बोलावून दाखवा.